रुसलेली मोटार



गेल्या मार्गशीर्षातील एका पहाटेची गोष्ट आहे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील थंडी तुम्हांस सांगावयास नकोच; त्या सकाळी कापसाच्या शेतांवर धुके इतके दाट उतरले होते की पैनगंगेकडील झाडांची ओळही दिसत नव्हती. आठवीच्या तीन विद्यार्थ्यांची त्या दिवशी आदिलाबाद शहरात शिष्यवृत्तीची परीक्षा होती. आमच्या गावाहून शहर सुमारे तीस किलोमीटर. पहाटेची बस येणार नाही असा निरोप आला, तेव्हा तिघांचे पालक माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. तिघेही कोरडवाहू शेतकरी. शिष्यवृत्ती मिळाली तर मुलांचे पुढील शिक्षण सुकर होणार होते, आणि परीक्षा काही दुसऱ्या दिवशी पुन्हा होणार नव्हती.

माझ्या दारात मोटार होती. "काळजी करू नका, मी पोहोचवते," असे मी मोठ्या ऐटीत म्हणाले, मुलांना मागच्या बैठकीवर बसविले आणि चालू करू लागले. मोटारीने दोनचार वेळा खोल, दमलेला घरघराट केला आणि ती गप्प बसली.

ती का गप्प बसली, आणि रुसलेल्या मोटारीची समजूत कशी काढावी, हे या लेखात सांगावयाचे आहे. मी कलाशाखेची पदवीधर आहे; यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि त्या सकाळी मी जी चूक केली ती यंत्रज्ञानाच्या अभावामुळे नव्हे, तर घाईमुळे केली. आणि घाई न करण्याचा धडा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडण्याजोगा आहे.

प्रथम त्या मोटारीची ओळख करून देते. ती १९७८ सालची 'प्रीमियर पद्मिनी' आहे. माझ्या वडिलांनी ती गोव्यात वापरली आणि माझी नेमणूक इकडे झाल्यावर मला दिली. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याबरहुकूम मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांतीलच एका नमुन्यास १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीची झाली. तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तिची समकालीन 'ॲम्बॅसडर' बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ सालापर्यंत तयार होत होती. आज या दोन्ही मोटारी बनत नाहीत. परंतु हौशी लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत, आणि आपल्याकडेही एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेली अशी मोटार आढळते.

या जुन्या मोटारींचा एक मोठा गुण असा की त्यांत काही लपविलेले नाही. आजच्या मोटारीत इंधन किती जावे, ठिणगी केव्हा पडावी, हे सारे एक लहानसा संगणक ठरवितो आणि दोष काढण्यासही दुसरे उपकरण जोडावे लागते. जुन्या मोटारीचे झाकण उघडले की प्रत्येक अवयव डोळ्यांसमोर असतो. ज्यास पाहावयाचे आहे त्यास ती पाठ्यपुस्तकासारखी वाचता येते.

आता एंजिनास काय काय लागते ते पाहू. जर्मनीतील निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार टप्प्यांचे एंजिन सिद्ध केले. पद्मिनीचे एंजिन त्याच तत्त्वावर चालते. दट्ट्या खाली जातो तेव्हा हवा व पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण नळकांड्यात ओढले जाते. वर येतो तेव्हा ते दाबले जाते. मग ठिणगी पडून ते पेटते व दट्ट्यास खाली ढकलते. आणि शेवटी जळलेला धूर बाहेर टाकला जातो. म्हणजे एंजिन चालू होण्यास चार गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, कोणीतरी त्यास आरंभी फिरविले पाहिजे. दुसरी, योग्य क्षणी जोरकस ठिणगी पडली पाहिजे. तिसरी, पेट्रोल पोहोचले पाहिजे. चौथी, हवा योग्य प्रमाणात येऊन नीट दाबली गेली पाहिजे. वजनाने पाहिल्यास एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा लागते. या चारांपैकी एक जरी कमी पडली तरी उरलेल्या तिघींचा उपयोग नाही. मोटार सुरू होत नाही म्हणजे या चारांपैकी कोणती तरी एक, क्वचित दोन, हजर नाहीत. कोणती ते ओळखणे एवढेच काम असते.

ते ओळखण्याची रीत क्रमाने जाण्याची आहे. जे तपासावयास सोपे, बिनखर्चाचे आणि वारंवार बिघडणारे, ते आधी पाहावे. अवघड व क्वचित बिघडणारे, ते शेवटी.

आरंभ कानांनी करावा. चावी फिरविल्यावर आवाज कसा येतो? एंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असेल पण पेट घेत नसेल, तर बॅटरी व स्टार्टर बहुतेक निर्दोष आहेत. दोष ठिणगीत किंवा पेट्रोलात शोधावा. एंजिन फिरतच नसेल, वा रडतखडत फिरत असेल, तर पेट्रोलाकडे पाहण्याचे अजून कारणच नाही. आधी विजेकडे पाहावे.

विजेची परीक्षा दिव्यांनी होते. पुढचे मोठे दिवे लावावेत आणि कोणास तरी स्टार्टर फिरविण्यास सांगावे. दिवे आरंभापासूनच मंद असतील तर बॅटरी उतरली आहे. दिवे तेजस्वी असून स्टार्टर फिरविताना तसेच तेजस्वी राहिले, आणि एंजिन मात्र हलले नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. परंतु दिवे आधी तेजस्वी आणि स्टार्टर फिरविताच एकदम मिटल्यासारखे झाले, तर बॅटरी कमजोर आहे, अथवा कोठेतरी जोड सैल किंवा गंजलेला आहे.

हे शेवटचे असे का होते? शेतातील पाटाचे उदाहरण घ्या. पाटाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकला असला तरी एक घागर भरण्यापुरते पाणी झिरपून येते, आणि पाट चालू आहे असे वाटते. साऱ्या वावरास पाणी द्यावयास जावे तेव्हा अडथळा उघडा पडतो. दिव्यांना थोडा विद्युत्प्रवाह पुरतो. स्टार्टरला शंभर अँपिअरहूनही अधिक लागतो. घाणेरडा जोड दिव्यांचे काम भागवितो, स्टार्टरचे भागवू शकत नाही.

एंजिन जोमाने फिरते आहे अशी खात्री झाली की ठिणगीकडे वळावे. बॅटरी १२ व्होल्टची असते. पण दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडविण्यास हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटांची एक चिमुकली जोडी असते. ती उघडते त्या क्षणी कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि प्रचंड दाबाची वीज निर्माण होऊन ज्या नळकांड्याची पाळी असेल त्याच्या प्लगकडे जाते. चार नळकांड्यांचे एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर मिनिटास ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदास १०० ठिणग्या पडतात! एवढे काम करणाऱ्या पॉइंटांमधील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती झिजली, काजळली किंवा तिच्यात ओल शिरली की ठिणगी दुबळी होते. प्लग काढून त्याची वायर पुन्हा जोडावी, प्लगचा धातूचा भाग एंजिनास टेकवून ठेवावा, आणि स्टार्टर फिरवून पाहावे. ठणठणीत निळी ठिणगी दिसली तर उत्तम. बारीक पिवळसर दिसली तर अशक्त. दिसलीच नाही तर मागे मागे जात पॉइंट, कंडेन्सर व कॉइल तपासावी. ही परीक्षा जाणत्या माणसाने, वायर उघड्या हातात न धरता आणि सांडलेले पेट्रोल जवळ नसतानाच करावी.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलची पाळी. टाकीत पेट्रोल आहे काय? हसू नका. काटा खोटे बोलतो. कोरडी काठी बुडवून पाहिलेली खरी. मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडवून एका बाटलीत धरावी व एंजिन फिरवावे. पेट्रोल ठोक्याठोक्याने उडाले म्हणजे पंप ठीक आहे. नसेल तर गाळणी तुंबली आहे, पंपाचा पडदा फाटला आहे, की टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र बुजले आहे, हे पाहावे. आपल्या देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या अशा मिश्रणासाठी बनविलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडतात किंवा त्यांस भेगा जातात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून महिनोगणती उभ्या राहिलेल्या मोटारीतील शिळे पेट्रोल काढून टाकणे आणि नळ्यांवरून नजर फिरविणे अगत्याचे झाले आहे.

हे सारे बरोबर असून मोटार चालू होत नसेल, तरच झडपा, दट्ट्याच्या कड्या व ठिणगीची वेळ यांचा संशय घ्यावा. आणि ते काम कुशल मिस्त्रीकडे सोपवावे.

ऋतुमानही विचारात घेतले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात तिन्ही ऋतू आपापल्या परीने मोटारीची परीक्षा घेतात. हिवाळ्यात बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, एंजिनातील तेल घट्ट होते आणि पेट्रोलची वाफ सहज होत नाही. म्हणजे शक्ती कमी आणि काम जास्त. त्यासाठीच चोक असतो. तो ओढला की हवेच्या मानाने पेट्रोल अधिक जाते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमटपणा शिरतो व वीज भलत्याच वाटेने जाते. कोरड्या फडक्याने टोपी आतून पुसली की बहुधा काम होते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा निर्मळचा घाट चढून तापलेल्या मोटारीच्या नळीत पेट्रोलची वाफ अडकते व पंपास पेट्रोल ओढता येत नाही. तेव्हा सावलीत थांबून पंपावर ओले फडके ठेवणे हाच उपाय.

आता त्या सकाळकडे वळू. वर लिहिलेला क्रम मला ठाऊक नव्हता असे नाही. माझे वडील कोकणीत नेहमी म्हणत, "आदीं पळय, मागीर हात लाय." म्हणजे आधी पाहा, मग हात लाव. परंतु तीन पालक पाहत उभे होते, घड्याळ पुढे जात होते, आणि आपल्याला कळते हे दाखविण्याचा मोह मला आवरला नाही. "थंडी आहे, पेट्रोल कमी पडते," असा निकाल मी तपासाआधीच दिला, चोक पूर्ण ओढला आणि पुन्हा पुन्हा स्टार्टर फिरविला. पेट्रोलचा उग्र वास सुटला. घरघर मंद मंद होत गेली आणि शेवटी नुसता 'टक्' असा आवाज येऊ लागला. आता मोटारीत एकाऐवजी दोन दोष झाले होते: एक मूळचा आणि दुसरा मी निर्माण केलेला. नको तितके पेट्रोल जाऊन चारही प्लग भिजले होते.

तेवढ्यात परीक्षेस निघालेल्या मुलींपैकी एक खाली उतरून समोर उभी राहिली होती. धुक्यामुळे मी दिवे लावूनच ठेवले होते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही चावी फिरवली की दिवे मिटतात. सोडली की पुन्हा चांगले लागतात."

मी काही बोलण्याआधीच ती झाकणाखाली वाकली. "आमच्या विहिरीवरच्या पंपाची वायर सैल झाली होती, तेव्हा तो जोड गरम लागायचा. बाबा आधी मेन बंद करतात आणि मग हात लावून बघतात," असे म्हणून तिने मला चावी बंद करावयास लावली व बॅटरीच्या एका पट्टीस सावधपणे बोट लावले. पट्टी कोमट होती, आणि दाबताच किंचित हलली.

त्या थंडगार सकाळी, जेथे सारे लोखंड बोटास झोंबत होते, तेथे तो एकच जोड कोमट असावा यात सारे उत्तर होते. विद्युत्प्रवाहाच्या मार्गात जेथे अडथळा असतो तेथे उष्णता निर्माण होते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. ही मुलगी ते विहिरीवर शिकली होती. जी वीज स्टार्टरने वापरावयाची ती त्या जोडातच खर्ची पडत होती. एंजिन मंद फिरत होते ते त्यामुळे. आणि स्टार्टर विजेचा दाब खाली ओढीत असल्याने कॉइललाही पुरेशी वीज मिळत नव्हती, म्हणून ठिणगीही दुबळी पडत होती. पेट्रोलचा बिचाऱ्याचा काहीच अपराध नव्हता.

पुढचे काम सरळ होते. बॅटरीचे वजा टोक, जे मोटारीच्या सांगाड्यास जोडलेले असते, ते आधी सोडविले. कारण ते सुटले की चुकून पाना सांगाड्यास लागला तरी ठिणगी उडत नाही. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या पट्टीच्या आत राखाडी थर बसला होता. एका पालकांनी घरून गरम पाणी आणले. त्यात खाण्याचा सोडा घालून पट्टी व टोक धुतले, पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासले, कोरडे केले, घट्ट आवळले आणि वर थोडे व्हॅसलिन लावले. वजा टोक सर्वांत शेवटी जोडले. मग चारही प्लग काढून पुसले. चोक आत ढकलला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला, म्हणजे साचलेले पेट्रोल भरपूर हवेबरोबर निघून जावे, आणि चावी फिरविली. दिवे किंचित मंदावले, पण मिटले नाहीत. एंजिन झपाझप फिरले, दोनदा खोकले, काळ्या धुराचा एक लोट सोडून सुरू झाले.

साऱ्या प्रकारात पाऊण तास गेला होता. त्यातील पंधरा मिनिटे दुरुस्तीस लागली; अर्धा तास माझ्या घाईने खाल्ला. परीक्षाकेंद्राच्या दारात आम्ही पोहोचलो तेव्हा आत जाण्याची घंटा होत होती. आणखी दहा मिनिटे उशीर झाला असता तर त्या तिघांपुढे मला काय तोंड दाखविता आले असते, हा विचार आजही मनास टोचतो.

येथे काही खबरदारीच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पेट्रोल आहे की नाही हे पाहण्यास काडी ओढू नये. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. तिच्याजवळ विस्तव नेऊ नये, आणि काम करताना हातातील बांगडी-अंगठी काढून ठेवावी. बंद खोलीत एंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो प्राणघातक आहे. सुरू करण्यापूर्वी गिअर मोकळा व हातब्रेक लावलेला असावा. आणि हे काम वडीलधाऱ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

मोटारीच्या इतिहासातील पहिल्या लांब प्रवासाची कथा कदाचित तुम्ही ऐकली असेल. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील बर्था बेंझ ही स्त्री आपल्या दोन मुलांसह पतीने बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर, गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीची लांब टाचणी घालून ती मोकळी केली. तिच्यापाशी मिस्त्री नव्हता. कोणती वाट अडली आहे हे तिने पाहिले, आणि जे हाताशी होते त्याने ती मोकळी केली.

यंत्र रुसते असे आपण म्हणतो खरे, परंतु यंत्रास राग नाही व लोभही नाही. आपल्यास काय हवे ते ते सतत सांगत असते. कधी आवाजाने, कधी वासाने, कधी मंदावलेल्या दिव्याने, कधी कोमट झालेल्या एका जोडाने. त्या सकाळी आमच्यापैकी ज्या एका व्यक्तीने ते ऐकले ती आठवीत शिकत होती. मी पुढच्या सोमवारी वर्गात हे सर्वांसमक्ष सांगितले, आणि फळ्यावर त्या मुलीकडूनच बॅटरी, जोड व स्टार्टर यांची आकृती काढून घेतली. आकृतीत बाण कोणत्या दिशेने काढावेत हे मात्र मला तिला विचारावे लागले.